पायातील वाळा

पावसाळा ओसरू लागला, की पोलादपूर तालुक्यातील आमच्या कुडपण गावच्या ओढ्यावर करडा धोबी येतो. पाठ राखी, पोट पिवळे आणि शेपटी सदा हलती! दगडांवरून किडे टिपीत तो हिवाळा घालवितो व उन्हाळ्याच्या तोंडाशी निघून जातो. त्याची वीण हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे होते. पण यंदा आलेला धोबी गतवर्षीचाच की दुसरा, हे नुसत्या डोळ्यांना कसे कळावे?

हे कोडे सोडविण्याची पद्धतशीर वाट एका शिक्षकाने दाखविली, याचा मला शिक्षक म्हणून अभिमान वाटतो. डेन्मार्कमधील मॉर्टेनसन यांनी १८९९ साली साळुंकीच्या कुळातील पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमचे क्रमांकित वाळे घातले. आपल्या देशात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ मध्ये हे कार्य आरंभिले. पुढे डॉ. सलीम अलींच्या मार्गदर्शनाखाली ते पुष्कळ वाढले. पक्षी जाळ्यात अलगद धरावयाचा, वाळा घालावयाचा आणि क्रमांक नोंदवून सोडून द्यावयाचा, अशी ही रीत. वाळा इतका हलका असतो, की पक्ष्याला उडताना त्याचा भार होत नाही.

परंतु असे फारच थोडे वाळे पुन्हा दृष्टीस पडतात. दूरच्या कोणा अनोळखी माणसाने ते पाहून कळविले, तरच पक्ष्याचा मार्ग उमगतो. मार्ग उमगला, तरच त्याच्या मुक्कामाची पाणथळे व राने राखता येतात. म्हणून मुलांनो, पाखरांवर गलोल रोखू नका. वाळा असलेला मृत पक्षी आढळला, तर वडीलधाऱ्यांना सांगा आणि वाळ्यावरील अक्षरे, अंक, स्थळ व दिनांक सोसायटीस कळवा. तुमच्या दोन ओळींवाचून त्या इवल्या जीवाचा प्रवास अज्ञातच राहील.