किंमत न छापलेले कागद

टपालातून गेलं नाही ते जपायचं नाही, हा माझा नियम होता. तिकीट असेल तर त्यावर सरकारने किंमत छापलेली हवी. शिक्का असेल तर तो टपाल कचेरीचा हवा. पाकीट असेल तर ते एका गावाहून दुसऱ्या गावी गेलेलं हवं. तिकिटांच्या प्रदर्शनात स्मरण म्हणून निघणारी लेबलं या नियमात कुठेच बसत नव्हती. दिसायला ती तिकिटासारखी असतात. कडेला छिद्रं, मागे डिंक, मधे प्रदर्शनाचं नाव, बोधचिन्ह, गाव आणि तारखा. पण ती लावून पत्र टाकलं तर पोहोचवण्याची जबाबदारी कोणावर नाही. खरं तिकीट लावून झाल्यावर हौस म्हणून पाकिटाच्या मागच्या बाजूला डकवायची, एवढंच त्यांचं काम. कोणी ती मला देऊ केली तर मी घेत नसे, आणि घेतलीच तर शेजारच्या मुलांना देऊन टाकत असे.

आज त्यांच्यासाठी माझ्याकडे वेगळा अल्बम आहे आणि बाकीच्या अल्बमांइतकाच तो मला मोलाचा वाटतो. नगर जिल्ह्यातले माझे अनेक संग्राहक मित्र अजून माझ्या जुन्या मताचेच आहेत. मी इकडे कसा आलो ते त्यांच्यासाठी सविस्तर लिहावंसं वाटलं.

जुनं मत उगीच बनलेलं नव्हतं. माझा मुख्य संग्रह नगरच्या टपालाचा आहे आणि या बाबतीत आमचं गाव श्रीमंत आहे. बोअर युद्धातले कैदी समुद्रापार आणून इथे ठेवले होते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात सापडलेले जर्मन व्यापारी, खलाशी, मिशनरी यांची मोठी छावणी नगरलाच होती. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच झालं. पुढे तिबेटवरच्या पुस्तकाने जगभर गाजलेला गिर्यारोहक हाइनरिख हारर डेहराडूनला हलवला जाण्याआधी काही काळ नगरच्या छावणीत होता. १९४२ ते १९४५ या काळात नेहरू नगरच्या किल्ल्यात कैदेत होते आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी तिथेच लिहिलं. छावणीतून गेलेलं एखादं पत्र हाती आलं की त्यावरचा प्रत्येक ठसा बोलायला लागतो. ते कुठे थांबलं, कोणी उघडलं, कोणी पुन्हा चिकटवलं, किती दिवसांनी पोहोचलं, सगळं कागदावर असतं. अशी पत्रं हाताळणाऱ्याला प्रदर्शनाच्या मांडवात जन्मून तिथेच संपणारं लेबल पोकळ वाटणारच.

पण याच पत्रांनी माझ्या नियमाला पहिला तडा दिला. युद्धकैद्यांच्या पत्रांना टपालखर्च माफ असे. त्यामुळे माझ्या संग्रहातल्या ज्या वस्तूंचा मला सर्वांत जास्त अभिमान, त्यांतल्या कित्येकींवर तिकीटच नाही. आहे ती पत्र तपासल्याची छापील कागदी पट्टी. त्या पट्टीवरही किंमत नाही. तेही एक लेबलच. मी स्वतःला समजावत असे की ती पट्टी टपालाच्या कामाची होती, प्रदर्शनाचं लेबल शोभेचं आहे. हा फरक खरा आहे आणि आजही मी तो मानतो. मात्र ‘किंमत छापलेली हवी’ ही माझी पहिली अट तिथेच संपली होती.

दुसरा तडा कलकत्त्याच्या स्टीफन स्मिथमुळे गेला. १९३४ पासून पुढे दहा वर्षं हा माणूस रॉकेटमधून पत्रं पाठवायचे प्रयोग करत होता आणि त्या पत्रांसाठी त्याने स्वतःची लेबलं छापली होती. टपालखर्च म्हणून त्यांना काहीच मान्यता नव्हती. आज जगातले मातब्बर संग्राहक ती शोधत फिरतात, आणि १९९२ मध्ये आपल्या टपाल खात्याने स्मिथवर तिकीटही काढलं. मग २०११ मध्ये दिल्लीच्या ‘इंडिपेक्स’ या तिकीट प्रदर्शनात ‘माय स्टॅम्प’ आलं. तिकिटाला जोडलेल्या कोऱ्या चौकोनात आपला फोटो छापून मिळू लागला. तो फोटोचा चौकोन तिकिटापासून फाडला तर त्याला टपालात काहीही किंमत नाही. म्हणजे लेबलाला खुद्द खात्याने तिकिटाच्या शेजारी बसवलं. खात्याची स्वतःची प्रदर्शनांवरची भक्ती तर जुनी आहे. भारताची पहिली मिनिएचर शीट निघाली तीच १९७३ च्या ‘इंडिपेक्स’निमित्त.

एवढं सगळं माहीत असूनही मी हललो नव्हतो. युक्तिवादाने माझं मत डळमळलं, पण बदललं ते एका संग्रहामुळे.

नगरमधले एक जुने संग्राहक गेले. शाळेत चित्रकला शिकवत. आमची ओळख होती, दाट मैत्री नव्हती. काही महिन्यांनी त्यांची मुलगी अल्बम घेऊन घरी आली.

“काका, यातलं काय ठेवायचं आणि काय द्यायचं, एवढं सांगाल का? आम्हाला कोणालाच कळत नाही.”

तिकिटं नेहमीसारखीच होती. स्वातंत्र्यानंतरचे सेट, काही ब्रिटिश काळातली वापरलेली तिकिटं, फर्स्ट डे कव्हरं. तिला मी खरं ते सांगितलं की बाजारात याचे फार पैसे येणार नाहीत. शेवटच्या अल्बमात मात्र नुसती लेबलं होती. दिल्ली, मुंबई, पुणे इथल्या मोठ्या प्रदर्शनांची, आणि त्यांच्यामागे आमच्याच जिल्ह्यात शाळांच्या सभागृहांत आणि वाचनालयांत भरलेल्या लहान प्रदर्शनांची. प्रत्येक लेबलाच्या खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात नोंद होती. कोणाबरोबर गेलो, कोणाच्या फ्रेम पाहिल्या, कोणत्या मुलाने फुलपाखरांचा संग्रह मांडला होता, कोणाशी कशाची अदलाबदल केली. काही लेबलांची चित्रं त्यांनी स्वतः काढलेली होती. एकावर डोंगरावरचा चांदबीबीचा महाल होता. महाल म्हणायची आपली सवय, ती खरं तर सलाबतखानाची कबर. त्याचे आठ कोन आणि चढत गेलेल्या कमानी तिकिटाएवढ्या जागेत त्यांनी इतक्या नेमक्या बसवल्या होत्या की मी भिंग घेऊन बराच वेळ पाहत राहिलो.

तो अल्बम मी तिच्याकडून काही दिवसांसाठी मागून घेतला. वाचत गेलो तसं लक्षात आलं की माझ्या गावातल्या या छंदाचा इतिहास मला माहीत नव्हता, आणि तो दुसरीकडे कुठे लिहिलेलाही नव्हता.

माझ्याकडे नगर जिल्ह्याशी नातं सांगणारी तिकिटं ओळीने लावलेली आहेत. पारनेरचे सेनापती बापट, १९७७. चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर, १९९६. प्रवरानगरचे विठ्ठलराव विखे पाटील, २००२. शिर्डीचे साईबाबा, २००८. नेवाशात सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीचं तिकीट आहे. या ओळीकडे पाहून देशाने आमच्या जिल्ह्यातल्या कोणाला मान दिला ते कळतं. पण इथे कोण तिकिटं जमवत होतं, कुठे भेटत होतं, मुलांना चिमटा कसा धरायचा ते कोण शिकवत होतं, हे त्यातून कळत नाही. ते काम तिकिटाचं नव्हेच. वर्तमानपत्रांची जुनी कात्रणं मी पाहिली. त्यांत प्रदर्शनाचं उद्घाटन कोणाच्या हस्ते झालं आणि अध्यक्षस्थानी कोण होतं एवढं सापडतं, मांडणाऱ्यांची नावं नाहीत. खास शिक्क्यांच्या याद्या असतात, पण ज्या प्रदर्शनाने टपाल खात्याकडे खास शिक्का मागितला त्याचीच नोंद तिथे होते. शाळेच्या सभागृहात दोन दिवस बाकं जोडून भरवलेल्या प्रदर्शनाने शिक्का कशाला मागावा? त्याने मागे ठेवलं ते एक लेबल.

हे पटल्यावर मी लेबलांकडे वस्तू म्हणूनही पाहू लागलो आणि त्यात मला अनपेक्षित गोडी लागली. आपली तिकिटं १९२५ पासून शेजारच्या नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जातात, त्याआधी लंडनहून डी ला रू कंपनीकडून यायची. कागद, वॉटरमार्क, छिद्रांचं माप, सगळं कॅटलॉगात बांधलेलं. गावातलं लेबल मात्र गावातल्या छापखान्यात निघतं. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापणाऱ्या ट्रेडल यंत्रावर ते चढायचं. छिद्रंही पावतीपुस्तकाच्या यंत्रावर पाडलेली, म्हणून ती टोचल्यासारखी बारीक असतात, कोपऱ्यात दोन रेषा एकमेकींना ओलांडून पुढे जातात आणि चार लेबलांत एकाचं माप दुसऱ्याशी जुळत नाही. दुरंगी असेल तर दुसरा रंग केसभर सरकलेला. डिंक कधी हाताने लावलेला, त्यात ब्रशचे ओरखडे दिसतात. नाशिकच्या तिकिटात अशी चूक निघाली तर तिच्या मागे आम्ही हजारो रुपये घेऊन धावतो. इथे तर प्रत्येक कागद त्या कारागिराच्या हाताचा होता आणि मी तो मुलांना वाटून टाकत होतो.

जगात हे प्रेम जुनं आहे. पहिल्या महायुद्धाआधी जर्मनीत जाहिरातीच्या आणि प्रदर्शनांच्या अशा लेबलांचं वेड घराघरांत होतं. १९०४ मध्ये डेन्मार्कच्या आयनार होलबोल या टपाल कर्मचाऱ्याच्या कल्पनेतून नाताळच्या पत्रांवर मदतनिधीसाठी लावायचं लेबल निघालं. १९५० पासून आपल्याकडे विकली जाणारी क्षयरोगाची सील त्याच घराण्यातली. शाळेत आपण सगळ्यांनी ती घेतलेली आहेत. ब्रिटनमध्ये १९५९ पासून अशा किंमत नसलेल्या, टपालाबाहेरच्या कागदांच्या अभ्यासासाठी सिंड्रेला स्टॅम्प क्लब आहे. मला हे वाचून ठाऊक होतं, पण ते दूरच्या लोकांचं वाटायचं.

माझा एक मित्र यावर फार चिडतो. जुना, जाणकार संग्राहक. त्याचं म्हणणं, “अशाने उद्या तुम्ही उद्घाटनाची निमंत्रणपत्रिकाही अल्बमात लावाल. मग फिलाटेली म्हणायचं कशाला?” त्याच्या प्रश्नात जोर आहे. स्पर्धेच्या परंपरागत वर्गात लेबलं आणली तर परीक्षक गुण कापतील आणि ते योग्यच आहे. तिथे सर्वाधिक गुण ज्ञान आणि संशोधनाला असतात आणि ते टपालाच्या साहित्याबद्दलचं हवं. मी लेबलांना तिकीट म्हणा असं म्हणत नाही. निमंत्रणपत्रिकेबद्दल मात्र मी त्याला सरळ हो म्हणालो. आमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या प्रदर्शनाची पत्रिका मिळाली, तर मी ती लेबलाच्या शेजारी लावीन.

एका बाबतीत मी त्याच्याच बाजूला आहे. अलीकडे काही लेबलं केवळ विकण्यासाठी छापली जातात. एकच चित्र पाच रंगांत, वर छिद्रांसह आणि बिनछिद्रांची अशा दोन आवृत्त्या, प्रत्येकीवर क्रमांक घालून ‘मर्यादित’ म्हणून अवाच्या सवा किंमत. प्रदर्शनाला गेलेल्या माणसाच्या हातात ती पडतच नाहीत. ती मी पूर्वीही घेत नव्हतो आणि आताही घेत नाही. लेबल हे जमलेल्या लोकांसाठी छापलेलं असावं, ही माझी अट आहे. नवी आहे, पण अट आहे.

त्या चित्रकला शिक्षकांच्या मुलीने अल्बम विकायचा विचार सोडला. तिने तो स्वतःकडे ठेवला आणि मला प्रत्येक पानाचे फोटो घेऊ दिले. त्यावरून आणि जिल्ह्यातल्या इतरांकडून मिळालेल्या लेबलांवरून मी एक फ्रेम जुळवतो आहे. एका फ्रेममध्ये सोळा पानं मावतात. ‘ओपन फिलाटेली’ या वर्गात निम्म्यापर्यंत टपालाबाहेरचं साहित्य चालतं, त्यामुळे लेबलांना तिथे हक्काची जागा आहे. उरलेल्या निम्म्यात त्याच काळातली नगरची पाकिटं आणि शिक्के येतील. मित्राला ही योजना दाखवली तेव्हा तो बराच वेळ पानांचा क्रम लावण्यात रमला. मत त्याने बदललेलं नाही.

लेबलांखाली काय लिहायचं यावर मी सध्या अडलो आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. लेबलांवर ‘अहमदनगर’ आहे, काहींवर नुसतं ‘नगर’. मी कागदावर आहे तेच गावाचं नाव लेबलाखाली लिहिणार आहे आणि आजचं नाव फ्रेमच्या पहिल्या पानावर देणार आहे. चांदबीबी महालाच्या लेबलावर तर वर्षच नाही, आणि सरांच्या पेन्सिलीच्या नोंदीत दिवस आणि महिना आहे, साल नाही. कापड बाजाराकडच्या एका जुन्या कंपोझिटरना मी त्याची झेरॉक्स दाखवली. त्यांनी चित्राकडे पाहिलं नाही, कडेच्या छिद्रांकडे पाहिलं आणि म्हणाले की असं यंत्र गावात दोनच छापखान्यांत होतं, त्यातला एक ऑफसेट आल्यावर बंद झाला. त्याच्या मालकांचा मुलगा सावेडीत राहतो. त्याच्याकडे जुन्या कामांच्या वह्या असतील तर त्यात साल सापडेल. येत्या रविवारी त्याच्याकडे जायचं ठरलं आहे, आणि मित्रही येतो म्हणाला आहे.