ब्लॉक करत बसलो, तिथेच चुकलं

राउटरच्या यादीत अनोळखी उपकरण दिसलं की ते ब्लॉक करायचं, की झालं काम, अशी माझी समजूत होती. 192.168.1.1 हे राउटरच्या सेटिंगचं पान उघडायचं, यादी चाळायची आणि जे ओळखीचं वाटणार नाही त्याचा मॅक अॅड्रेस, म्हणजे उपकरणाचा नेटवर्कवरचा पत्ता, ब्लॉक करून टाकायचा.

अशाच एका संध्याकाळी मी आईचा फोन ब्लॉक केला. फोन नवा होता आणि यादीत बिननावाचा दिसत होता. फोनच्या सेटिंगमधल्या पत्त्याशी ताडून पाहिला, जुळेना. म्हटलं, हा बाहेरचाच. ताईला व्हिडिओ कॉल लागेना तेव्हा आई म्हणाली, "अरे, दुकानदाराने बिघडलेला फोन तर नाही ना दिला?" अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन सहसा वाय-फायला आपला मूळ पत्ता सांगतच नाहीत, माग काढता येऊ नये म्हणून बदललेला पत्ता देतात, हे मला नंतर कळलं. पत्त्यातलं दुसरं अक्षर 2, 6, ए किंवा ई असेल तर तो बहुधा असाच बदललेला असतो. आईच्या फोनच्या पत्त्यातलं दुसरं अक्षर ई होतं. मी तिकडे पाहिलंच नव्हतं.

खरी चूक याहून मोठी होती. जो पत्ता आपला फोन बदलू शकतो, तो परकाही बदलणार. मग ब्लॉक करून कोण अडतं? खरा अडसर पासवर्डचा, आणि आमच्या वाय-फायचा पासवर्ड होता माझा मोबाईल नंबर. कनेक्शन जोडायला आलेल्या मुलाने तोच टाकून दिला आणि मी तो तसाच राहू दिला. हा नंबर सोसायटीच्या नोटीस बोर्डावर फ्लॅट क्रमांकासह लिहिलेला आहे! राउटरचा अॅडमिन पासवर्डही मुळातला, 'अॅडमिन'च. शिवाय पासवर्ड न टाकता, बटण दाबून किंवा पिन देऊन उपकरण जोडायची डब्ल्यूपीएस ही सोय चालू. त्याचा आठ आकडी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे फार तर 11,000 प्रयत्नांत तो सापडू शकतो, हे 2011 सालीच उघड झालं होतं.

"वापरतंय कोणी फुकट नेट, तर वापरू दे," असं घरात म्हटलं जायचं, मीही ते ऐकून घ्यायचो. आज मला ते अजिबात पटत नाही. जुलै 2008 मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल गेला, तो नवी मुंबईतल्या एका घरच्या असुरक्षित वाय-फायवरून. तपास आधी त्या घराच्या दारात पोचला.

मी अॅडमिन पासवर्ड बदलला, डब्ल्यूपीएस बंद केलं, वाय-फायला लांबलचक नवा पासवर्ड दिला आणि पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क ठेवलं. टीव्ही, कॅमेरा, सगळे फोन पुन्हा जोडताना अख्खी दुपार गेली, पण जे जोडलं ते माझ्या हातांनी जोडलं, त्यामुळे आता यादीतलं एकेक नाव मला माहीत आहे. तुमच्याही वाय-फायचा पासवर्ड मोबाईल नंबर असेल, तर तो आजच बदला.