न्हाणीघरांतील निळी ज्योत

आमच्या घरीं एक तांब्याचा बंब होता. आजोबांनीं तो तांबट आळींतून करवून आणला होता आणि दरवर्षीं दिवाळीपूर्वीं त्याला चिंच लावून लखलखीत करणें हें घरांतील मुलांचें काम असे. बंब मागील दारच्या पडवींत उभा असे. त्याच्या पोटांतून वर गेलेल्या नळींत ढलप्या, गोवऱ्या, करवंट्या, जें हातास लागेल तें घालावें, आणि मग पेटविणाऱ्याच्या डोळ्यांतून घळघळां पाणी यावें. त्या धुराला आम्हीं लहानपणीं शिव्याच दिल्या. आतां मात्र वाटतें कीं, तो धूर आमचा मोठा राखणदार होता; कारण त्याच्यामुळेंच बंब बंद खोलींत ठेवण्याचें कोणाच्या स्वप्नांतहि आलें नाहीं.

पुढें बंब माळ्यावर गेला, विजेचीं यंत्रें आलीं आणि बिघडलीं, व सन २०१६ च्या हिवाळ्यांत गॅसवर पाणी तापविणारी पेटी आमच्या घरीं आली. घर पुण्यांतलें, माणसें अकरा, आणि सकाळीं साडेनवाच्या आंत सर्वांचीं स्नानें आटोपलीं पाहिजेत, अशा कुटुंबाला ही पेटी म्हणजे देवानें दिलेलें वरदानच वाटावें. तोटी उघडतांच पाण्याच्या जोरानें आंतला पडदा दाबला जातो, गॅसची वाट मोकळी होते, ठिणगी पडते आणि मिनिटाला सहा लिटर ऊन पाणी येऊं लागतें. दुकानाच्या माणसानें ती न्हाणीघरांतच, नळाच्या वर, अर्ध्या तासांत टांगली. पेटीच्या डोक्यावर नळी जोडण्याचें भोंक होतें, तें पाहून आम्हीं विचारलें, “हिला धुराडें नको काय?” तो चहाचा कप खालीं ठेवीत म्हणाला, “हिला धूरच नाहीं, साहेब.” शाळेंत रसायन शिकलेल्या माणसाला हें उत्तर पटावयास नको होतें. आम्हांला तें पटलें.

न्हाणीघराला छताजवळ एक जाळी होती. तींतून पहाटेचा गार वारा येतो अशी मुलांची कुरकुर सुरू झाली, म्हणून एके रविवारीं आम्हीं जुन्या दिनदर्शिकेचा पुठ्ठा कापून तो जाळीवर स्वहस्तें बसविला. चांगला चपखल बसला म्हणून स्वतःची पाठहि थोपटून घेतली. पुढील दोन वर्षांत वहिनींचें डोकें दुखूं लागलें, तें बहुधा न्हाण्याच्या दिवशींच. धाकट्या सुनेला स्नानानंतर मळमळे. घरांत याला एकच नांव होतें, पित्त. आमसुलाचें सार झालें, मोरावळा झाला, सुंठसाखर झाली. पुरुषांना हें पित्त कां होत नाहीं असा प्रश्न कोणासहि पडला नाहीं. पुरुषांचें स्नान पांच मिनिटांचें, आणि केस धुवावयाचे तर बायकांना पाऊण तास लागावयाचा, इतकें साधें गणित त्यांत होतें.

सन २०१८ ची नरकचतुर्दशी. पहाटे चार वाजल्यापासून अभ्यंगस्नानें सुरू झालीं. प्रथम मुलें, मग पुरुष, मग आई, मग वहिनी. आणि सर्वांना तेल-उटणें लावून, फराळाचीं ताटें मांडून झाल्यावर सर्वांच्या शेवटीं धाकटी सून. हा क्रम कोणीं ठरविला होता असें नाहीं. तो आपोआपच तसा पडत आला होता. वहिनी न्हाऊन आल्या त्या कपाळ धरून खोलींत जाऊन पडल्या, आणि रात्रभर चकल्या तळल्याचें तें फळ असें आम्ही समजलों. सूर्योदय जवळ आला. तुळशीपाशीं कारीट फोडावयाचें म्हणून आईनें सुनेला हांक मारली. उत्तर नाहीं. आंत पाणी मात्र धों धों वाहत होतें.

दादांचें वय तेव्हां चौऱ्याहत्तर होतें. त्यांनीं दुसऱ्या हांकेची वाट पाहिली नाहीं; दाराला खांदा लावला आणि कडी उपटून दार उघडलें. ती कडी वर्षभर खिळखिळी होती. ती नीट बसवून द्या म्हणून वहिनी आमच्या मागें लागल्या होत्या आणि आम्ही आज उद्यां करीत होतों. आमच्या आळसानें कोणाचें भलें केल्याचें तेवढें एकच उदाहरण आमच्या संग्रहीं आहे. सून भिंतीशीं कलंडून पडली होती. वर पेटींत ज्योत जळतच होती, पण ती निळी नव्हती. पिंवळसर, लांबट आणि लवलवणारी होती. दादांनीं प्रथम तोटी बंद केली, मग आम्हीं सर्वांनीं मिळून तिला अंगणांत आणलें. उघड्या हवेंत कांहीं वेळानें तिनें डोळे उघडले, पण आपण कोठें आहों हें तिला समजेना.

रुग्णालयांत बोटाला चिमटा लावून रक्तांतील प्राणवायु मोजला, तो भरला ९८. आम्हांला हायसें वाटलें. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंना मात्र वाटलें नाहीं. “न्हाणीघरांत गॅसचा गिझर आहे काय?” एवढेंच त्यांनीं विचारलें, आणि रक्त तपासणीस पाठवून निकाल येण्यापूर्वींच तोंडावर शुद्ध प्राणवायूचा मुखवटा चढविला. पुढें त्यांनीं समजावून सांगितलें कीं, तो चिमटा रक्ताचा रंग पाहतो, आणि कार्बन मोनॉक्साइडनें भरलेलें रक्त त्याला प्राणवायूनें भरलेल्या रक्तासारखेंच दिसतें. या वायूला रंग नाहीं, वास नाहीं. गॅसगळती कळावी म्हणून सिलिंडरमध्यें जो उग्र वास मिसळलेला असतो, तो ज्वलनांत जळून गेलेला असतो. रक्तांतील हिमोग्लोबिन या वायूला प्राणवायूपेक्षां सुमारें २०० ते २५० पट अधिक घट्ट धरतें. साध्या हवेंत श्वास घेतला तर रक्तांतील तें विष निम्म्यावर यावयास चारपांच तास लागतात. शुद्ध प्राणवायूवर सुमारें तास-दीड तास. ती बाई केवळ यंत्रावरील आकडा पाहून थांबली असती तर काय झालें असतें, हा विचार आम्ही अद्यापहि पुरा करूं शकत नाहीं.

सून तीन दिवसांनीं घरीं आली. डोकेदुखी आणि विसराळूपणा कांहीं आठवडे राहिला. त्या दिवाळींत फराळाला कोणी हात लावला नाहीं. भाऊबीजेच्या रात्रीं आम्ही एकटेच न्हाणीघरांत गेलों, स्टुलावर चढलों आणि तो पुठ्ठा काढला. त्याची आंतली बाजू काळवंडलेली होती. हा पुठ्ठा कोणीं लावला हें घरांत सर्वांना ठाऊक होतें आणि कोणींहि बोलून दाखविलें नाहीं. तें आम्हींच दुसऱ्या दिवशीं जेवणाच्या पंगतींत बोलून टाकलें. सून म्हणाली, “काका, जाळी तुम्हीं बंद केलीत खरी, पण थंडी वाजते म्हणून मागें लागलेल्यांत मीहि होतेंच.” हें तिचें बोलणें मनाच्या मोठेपणाचें होतें. आमचा हिशेब त्यानें कमी झाला नाहीं.

हिशेब म्हणजे अक्षरशः हिशेब. न्हाणीघर सहा फूट लांब, पांच रुंद, आठ उंच. म्हणजे हवा २४० घनफूट. अशी पेटी तासाला सुमारें ९०० ग्रॅम गॅस जाळते, आणि एक किलो गॅस नीट जळावयास सुमारें ४३० घनफूट हवा लागते. म्हणजे तोटी दहा मिनिटें उघडी राहिली कीं खोलींतील चौथ्या हिश्शाहून अधिक हवा ज्योतीनेंच खाल्ली. प्राणवायु कमी पडला कीं गॅस अर्धवट जळतो, आणि अर्धवट जळण्याचें फळ म्हणजेच हा वायु. त्या पहाटे दहा माणसें ओळीनें न्हालीं. मधून मधून दार उघडत होतें म्हणूनच तीं वांचलीं असावीं. शेवटच्या माणसाच्या वांट्याला उरलेली हवा आली.

आमचा पुतण्या अमेरिकेंत मिनेसोटा संस्थानांत मिनीॲपोलिस येथें असतो. तेथें हिवाळ्यांत पारा शून्याखालीं वीस अंशांपर्यंत उतरतो, आणि घरेंच्या घरें गॅसच्या भट्टीनें ऊन ठेवावीं लागतात. हकीकत ऐकून तो फोनवर बराच वेळ गप्पच राहिला. मग त्यानें स्वतःच्या घराची रचना सांगितली. तळघरांत मोठी भट्टी, तिच्यांतून पत्र्याच्या चौकोनी वाहिन्या खोल्याखोल्यांत ऊन हवा नेतात आणि दुसऱ्या वाहिन्या थंड हवा परत आणतात. परत आणणारी वाहिनी भट्टीजवळ फुटकी असली तर ती भट्टीचा दूषित वायु ओढून थेट शेजघरांत पोंचविते. म्हणून तिचे सांधे धातूच्या पट्टीनें आणि लुकणानें बुजवावे लागतात. मागाहून वाढविलेल्या एका खोलींत त्यानें भिंतीवर टांगावयाची लहान भट्टी लावली आहे. तिची युक्ति आम्हांला फार आवडली. भिंतींतून आरपार एक नळी, तिच्यांत दुसरी नळी. बाहेरच्या पोकळींतून ज्योतीला लागणारी हवा अंगणांतून येते आणि आंतल्या नळीनें जळका वायु अंगणांतच जातो. ज्योत बंद कोठडींत. खोलींतील हवेशीं तिचा कांहींच व्यवहार नाहीं. एवढें असूनहि बर्फ पडलें कीं तो फावडें घेऊन प्रथम त्या नळीचें तोंड मोकळें करतो, आणि प्रत्येक शेजघराच्या दहा फुटांच्या आंत या वायूची सूचना देणारी घंटा असलीच पाहिजे असा त्या संस्थानाचा कायदा आहे. दुसऱ्या भेटींत त्यानें आमच्यासाठींहि तशी एक घंटा आणली.

आतां पेटीचें काय करावयाचें यावर घरांत तीन पक्ष पडले. आईला बंब माळ्यावरून खालीं हवा होता. दादा म्हणत, पेटी भंगारांत द्या. अखेर एका वृद्ध मिस्त्रीला बोलाविलें. त्यानें पेटी उलटसुलट पाहिली. तिच्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण होती. घरगुती लहान गॅस-गिझरसाठीं त्यांचें १५५५८ क्रमांकाचें प्रमाणक आहे. मिस्त्री म्हणाला, “यंत्र चांगलें आहे, जागा वाईट आहे.” वस्तु कशी घडली आहे तें खुणेवरून कळतें, ती कोठें टांगली जाणार तें खुणेला कोठून कळणार?

त्यानें पेटी न्हाणीघरांतून काढून मागील गॅलरीच्या विटांच्या भिंतीवर, भोकें पाडून, खुंट्या ठोकून पक्की केली. ऊन पाण्याचा नळ तेवढा भिंतींतून आंत नेला. पेटीच्या डोक्यावर प्रथमच धुराडें बसलें. नळी पेटीच्या भोंकापेक्षां कोठेंहि अरुंद नाहीं, आधीं सरळ वर, मग एकच वळण, आणि तोंड पागोळीच्या वर, कोणत्याहि खिडकीखालीं नव्हे. तोंडावर टोपी, पाऊस आंत येऊं नये म्हणून, आणि पुण्यांतील पारव्यांनीं तेथें घरटें करूं नये म्हणूनहि. सिलिंडर सपाट जागीं उभा. रबरी नळी जुनी होती, ती पांच वर्षांपलीकडे वापरूं नये म्हणून बदलली. सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात कीं काय तें पाहिलें. काडी ओढून गळती पाहणाऱ्या लोकांच्या दोन गोष्टी त्यानें सांगितल्या, त्या येथें सांगण्यासारख्या नाहींत.

सर्व झाल्यावर त्यानें देवघरांतून एक उदबत्ती मागितली. तोटी उघडली, ज्योत पेटली, आणि उदबत्ती धुराड्याच्या मुखाशीं धरली. धुराची रेघ सरळ आंत ओढली गेली. आम्हीं समाधानानें मान डोलावली. तोच वहिनींनीं स्वयंपाकघरांत फोडणीसाठीं भिंतींतला पंखा लावला, आणि ती रेघ थबकली, वांकली व आमच्या तोंडावर आली. गॅलरीला कांचेचीं सरकतीं दारें आहेत, तीं त्या वेळीं बंद होतीं. पंख्याला बाहेर फेंकावयास हवा हवी, ती तो धुराड्यांतून उलटी ओढीत होता. मिस्त्रीनें कांहीं न बोलतां दोन कांचा उतरविल्या आणि त्या जागीं कायमच्या तिरप्या पट्ट्यांच्या जाळ्या बसविल्या. सरकवून बंद करतां येईल असें कांहींहि तेथें ठेवावयाचें नाहीं, असें त्यानें आमच्याकडे पाहून सांगितलें. पुठ्ठ्याची हकीकत त्याला कोणीं सांगितली होती कोण जाणे. पुन्हां पंखा, पुन्हां उदबत्ती. या वेळीं रेघ आंत गेली.

पुढें आमच्या गल्लींत नळाचा गॅस आला, तेव्हां त्याच मिस्त्रीला बोलावून पेटींतील गॅसचीं तोंडें बदलून घेतलीं; दोन्ही गॅस निराळे, एकाच्या तोंडानें दुसरा नीट जळत नाहीं. आतां गॅलरीपासून न्हाणीघरापर्यंत नळ लांब असल्यामुळें पहिले दोन तांबे गार पाणी येतें आणि दादा रोज सकाळीं त्याबद्दल बोलतात. न्हाणीघराच्या जाळींतून वारा येतो, मुलें कुरकुरतात. कडी नवी बसविली, ती बाहेरूनहि नाण्यानें फिरवितां येते.

नरकचतुर्दशीला आतां धाकटी सून सर्वांच्या आधीं न्हाते. हा बदल आईनें केला आणि त्याचें कारण कोणास सांगितलें नाहीं. दर संकष्टीला सकाळीं आई गॅलरींत येते, सुनेला तोटी सोडावयास सांगते, वहिनींना पंखा लावावयास सांगते, आणि उदबत्ती पेटवून थरथरत्या हातानें धुराड्याच्या मुखाशीं धरते. धूर आंत गेला असें पाहिलें म्हणजे तीच उदबत्ती नेऊन ती देवापुढें लावते.