लोणारची धार

बुलढाणा जिल्ह्यात मेहकरहून सुमारे २५ किलोमीटरवर लोणार आहे. उल्केच्या आघाताने बेसॉल्ट खडकात झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे तेथील विवर जगप्रसिद्ध आहे. यात्रेकरूंची पावले मात्र प्रथम वळतात ती विवराच्या काठावरील धारेकडे. दगडी गोमुखातून गोड पाणी अखंड पडते, खालच्या कुंडात साठते आणि पुढे उतारावरून सरोवराकडे जाते. धारेखाली स्नान करून मग दैत्यसूदनाच्या दर्शनास जावे, असा परिपाठ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला.

पाण्याने मनुष्याला नवा जन्म मिळतो, ही श्रद्धा दूरदेशीही दिसते. इंग्लंडच्या जुन्या चर्चमध्ये प्रवेशद्वाराजवळ बाप्तिस्म्याचे दगडी पात्र असते. कंब्रियातील ब्राइडकर्कचे बाराव्या शतकातील पात्र त्यावरील नक्षीसाठी आणि रून लिपीतील लेखासाठी ख्यात आहे. तेथील पवित्र जल लोक जादूटोण्यासाठी चोरून नेत, म्हणून १२३६ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपांनी पात्रांना झाकण व कुलूप लावण्याची आज्ञा दिली. पुढे सतराव्या शतकातील धर्मकलहात कित्येक पात्रे चर्चबाहेर फेकली गेली आणि काहींतून जनावरे पाणी पिऊ लागली. लोणारच्या धारेला कोण कुलूप लावणार? ती साठवलेली नव्हे, वाहती आहे.

जैन वाचकाला पाण्याचे पावित्र्य वेगळे सांगावयास नको. जिनबिंबाचा अभिषेक झाल्यावर गंधोदक मस्तकी लावले जाते, आणि लोणारच्या शेजारच्या वाशीम जिल्ह्यातील शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांची कथाही पाण्यापासूनच सुरू होते. एलिचपूरच्या राजाचा त्वचारोग एका जलाशयाच्या पाण्याने शमला आणि तेथूनच मूर्तीचा शोध लागला, अशी ती परंपरा. तथापि आपल्या धर्माने पाण्याकडे केवळ पावन करणारे द्रव्य म्हणून पाहिले नाही. पाणी स्वतःच अप्‌कायिक जीवांचे शरीर आहे आणि त्यात त्रस जीवही वसतात, म्हणून ते गाळूनच वापरावयाचे. गाळल्यावर गळण्यात राहिलेली जिवाणी त्याच विहिरीत हळुवार परत सोडावयाची. गोड्या पाण्याची जिवाणी खाऱ्या पाण्यात टाकावयाची नाही, कारण एका पाण्यातील जीव दुसऱ्या पाण्यात जगत नाहीत. घरातील आजीबाईंनी पाळलेला हा नियम लोणारला पाहावयास मिळतो, आणि तोही उलट बाजूने.

सरोवराचे पाणी तीव्र खारे व अल्कलीयुक्त. आईन-ए-अकबरीत लोणारच्या नोंदीत काच व साबण यांना लागणाऱ्या द्रव्यांचा उल्लेख आहे. म्हणजे व्यापाऱ्यांची नजर या खारावर अकबराच्या काळापासून तरी होती. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. वरवर निर्जीव वाटणाऱ्या या पाण्यात असंख्य सूक्ष्म जीव नांदतात आणि त्यांना हाच खारेपणा मानवतो. जून २०२० मध्ये पाणी घटून क्षार वाढले तेव्हा सरोवर गुलाबी झाले; पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण मीठप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे दाखविले. त्याच वर्षी सरोवरास रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला.

धोका आहे तो विरुद्ध दिशेचा. झऱ्यांचे आणि पावसाचे गोड पाणी सरोवरात पूर्वीपासून मिसळत आले. त्यात वस्तीचे सांडपाणीही उतरू लागले, तसा प्रश्न गंभीर झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. खारेपणा उतरला तर त्या जीवांना जाण्यास दुसरी जागा नाही. धारेखाली साबण लावणारा भाविक आणि कुंडात निर्माल्य टाकणारा भाविक हे दोघेही श्रद्धाळूच, पण ते पाणी शेवटी कोठे जाते याची चौकशी दोघेही करीत नाहीत. साबण घरी ठेवून येणे एवढे तरी यात्रेकरूच्या हाती आहे.

शिरपूरच्या यात्रेस निघालेल्या कुटुंबाने सकाळी लवकर लोणार गाठावे. ऊन चढण्यापूर्वी विवरात उतरून काठावरच्या कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत जाता येते. वाट जंगलाची आहे आणि मोरांचा आवाज सतत सोबत असतो. चढण दमविणारी असल्याने वृद्धांनी वरूनच सरोवर पाहिलेले बरे. पिण्याचे गाळलेले पाणी मात्र सोबत असावे.