हौदावरची रेघ

वाईच्या आमच्या घरी परसात दगडी हौद होता. वापराच्या मानानं पाणी जास्त उतरतंय असा संशय आला, की अण्णा रात्री निजानीज झाल्यावर हातात बॅटरी घेऊन हौदापाशी जायचे आणि पाण्याच्या पातळीला कोळशानं रेघ ओढून यायचे. (तेव्हा घरात बॅटरी म्हणजे विजेरीच.) पहाटे कुणी तांब्या बुडवायच्या आत ते रेघ बघत. पाणी दोन बोटं खाली गेलेलं असेल, तर दुसऱ्या रात्री हौदातून निघणाऱ्या नळीला बोळा घालून पुन्हा रेघ. हौद गळतो की नळी, हे ठरल्याशिवाय गवंड्याला निरोप जात नसे.

ती रेघ यंदाच्या पावसाळ्यात आठवली. मृग लागला की आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून शुक्रवारी रात्री लॅपटॉप पुरता चार्ज करून, रीतसर बंद करून, चार्जर काढून ठेवला होता. सोमवारी सकाळी वीज नव्हती आणि मुद्रितं तपासून द्यायची होती. लॅपटॉप उघडला तर बॅटरी ३८ टक्के. अडीच दिवस त्याला कुणी हात लावला नव्हता. दुपारी दुकानात नेला, तर दुकानदारानं यंत्र हातात घेण्याआधीच सांगितलं, ‘‘बॅटरी गेली ताई, नवी टाकू या.’’

मला ते पटेना. लॅपटॉपात असते ती लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली. ती घडवणाऱ्या तिघांना, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना, २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. या बॅटरीचा मोठा गुण म्हणजे ती धरून ठेवते. नुसती ठेवली तर महिन्याला काही टक्केच उतरते. माझी तर तासाला एक टक्का उतरत होती. इतकं पाणी दगडातून झिरपत नाही. कुठेतरी नळी उघडी असली पाहिजे.

आधी हौद तपासला. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि तिला लागून ‘बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजीत लिहिलं, की बॅटरीची कुंडली समोर येते. माझ्या बॅटरीची मूळ क्षमता ४१,००० मिलीवॅट-अवर होती, आता पुरती भरल्यावर ३६,००० भरत होती. तीन वर्षांच्या वापरानंतर एवढी झीज व्हायचीच.

मग ‘बंद’ या शब्दाकडे वळले. आपण झाकण मिटतो तेव्हा बहुतेक वेळा यंत्र फक्त झोपतं. स्मृती जागी ठेवायला वीज लागतच राहते. ‘शट डाऊन’ म्हटलं तरी सगळं निजत नाही. आत एक छोटा नियंत्रक जागा असतो, कारण पॉवरच्या बटणावर बोट पडलं हे कुणाला तरी कळायला हवं. ओसरीवर निजलेला म्हातारा माणूस कडी वाजताच उठतो, तसा तो. त्याचं खाणं अगदी थोडं असतं. आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. त्यात शट डाऊन केल्यावर आपलं काम मिटतं, पण यंत्रणेचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवला जातो, म्हणजे उद्या लवकर उठता येतं. डिस्कवर लिहिलेल्याला वीज लागत नाही. मात्र काही लॅपटॉपांत या अर्धवट निरोपापायी एखादं उपकरण जागं राहून जातं. गंमत वाटेल, पण अशा यंत्राला ‘रीस्टार्ट’ केलं तर ते शट डाऊनपेक्षा पुरतं मिटून उठतं. पूर्ण बंद करायचं तर शिफ्ट दाबून धरून शट डाऊन करायचं.

तीन रात्री मी वहीत रेघ ओढली. पहिल्या रात्री नेहमीसारखा बंद केला: दहाला १००, सकाळी आठला ९०. दुसऱ्या रात्री शिफ्ट धरून: सकाळी ९०. खूप आशा होती त्या रात्रीवर, मन खट्टू झालं. पण नळी ती नव्हे, एवढं तरी कळलं. त्याच रात्री आणखी काही बदललं असतं तर तेही कळलं नसतं.

तिसऱ्या दिवशी लॅपटॉप उलटसुलट करून पाहताना डाव्या कडेचा यूएसबी पोर्ट दिसला. त्याच्याशेजारी विजेची इवलीशी नागमोडी खूण कोरलेली. ती रोज माझ्या नजरेखाली होती. तिचा अर्थ असा, की यंत्र बंद असलं तरी या पोर्टातून वीज मिळत राहते, फोन चार्ज करायला. माझ्या माऊसचा नखाएवढा रिसीव्हर त्यातच कायमचा खोचलेला! लॅपटॉप सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे त्याच्या मूळ मांडणीत, गेले आणि बंद असताना यूएसबीला वीज देण्याची सोय काढून टाकली. रात्री झोप नीट लागली नाही. बाहेर पागोळ्या गळत होत्या आणि टेबलावर ते काळं, मिटलेलं पान निमूट पडलं होतं. त्याच्या आत कुणी जागं आहे का, हे कान लावून कळण्यासारखं नव्हतं. सकाळी आठला पाहिलं: १००.

पुढच्या शुक्रवारी तसाच बंद करून ठेवला. सोमवारी ९८ होते. नवी बॅटरी घेतली नाही.

तुमचाही लॅपटॉप बंद असताना उतरत असेल, तर पैसे मोजण्याआधी चार-पाच रात्री थांबा. दर रात्री एकच गोष्ट बदला आणि आकडा लिहून ठेवा. पण टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा झाकण नीट मिटत नसेल, तर एक रात्रही थांबू नका. बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जर काढा, यंत्र वापरणं थांबवा, कुठे दाबू नका, आणि तसंच जाणकाराकडे घेऊन जा.