पोरगं शिकायला पाठवलं, मोर्चाला नाही!



जानेवारी 2025 मधली गोष्ट. येलदरीला एका घरी बसलो होतो. घरातला मुलगा परभणीला बीएच्या दुसऱ्या वर्षाला, खोली करून राहणारा. डिसेंबरमधल्या घटनांनंतर वडिलांनी त्याला गावाकडे आणलं होतं. चहा झाल्यावर ते मला म्हणाले, "दादा, म्या पोरगं शिकायला पाठवलं, मोर्चाला नाही. तुम्ही सांगता शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. पोराला शिकू द्या. बाकीचे दोन तुम्ही करा की!"

मी समाजशास्त्रात एमए केलं, वस्त्यांमध्ये काम करतो, भाषणंही देतो. पण त्या क्षणी मला उत्तर सुचलं नाही. कारण त्या बापाच्या डोळ्यांपुढे सोमनाथ सूर्यवंशी होता.

10 डिसेंबर 2024 ला परभणी रेल्वे स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. 11 तारखेला बंद झाला, हिंसाचार झाला, धरपकड झाली. त्यात सोमनाथला अटक झाली. तो वडार समाजातला, 35 वर्षांचा, कायद्याचा विद्यार्थी. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नोंदवलं गेलं. त्याची आई विजयाबाई यांनी सरकारची दहा लाखांची मदत नाकारली आणि न्यायालयात लढल्या. जुलै 2025 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि तो सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिला.

मग विद्यार्थ्याने काय करायचं? आपल्याकडे याची दोन ठरलेली उत्तरं आहेत. नोकरदार मंडळी म्हणतात, "आधी शिका, नोकरी लागू द्या, मग समाजाचं बघा." कार्यकर्ते म्हणतात, "समाज जळत असताना पुस्तक कसलं वाचता?" मला दोन्ही उत्तरं अर्धी वाटतात.

पहिल्या उत्तराचा अनुभव आपण पिढ्यान्‌पिढ्या घेतोय. नोकरी लागते, शहरात फ्लॅट होतो आणि "मग" कधी येतच नाही. 18 मार्च 1956 ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दलच वेदना बोलून दाखवली होती, हे आपण विसरू नये. शिवाय आपण ज्या कॉलेजात बसतो ते आयतं मिळालेलं नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 ला सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते. मराठवाड्यातल्या मुलांना शिकता यावं म्हणून 1950 ला औरंगाबादेत त्यांनी कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव 27 जुलै 1978 ला झाला आणि मराठवाड्यातल्या आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 ला. मधली साडेपंधरा वर्षं ज्यांनी घरं आणि जीव गमावले त्यातले कितीतरी लोक कधी कॉलेजची पायरी चढले नव्हते. आपल्या शिक्षणाचं हे देणं आहे.

दुसऱ्या उत्तराचा अनुभव माझा स्वतःचा आहे. 2006 साली मी बीएच्या पहिल्या वर्षाला होतो. खैरलांजीनंतरचे दिवस. रोज बैठका, पत्रकं, घोषणा. आमच्या गल्लीतल्या, माझ्याच वर्गातल्या एका मुलाने शिष्यवृत्तीच्या अर्जाची कागदं माझ्याकडे दिली होती. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सगळं. तो सकाळी कामाला जायचा, म्हणून कागदं ऑफिसात मी द्यायची होती. ती माझ्या पिशवीत पत्रकांच्या खाली पडून राहिली. आठवलं तेव्हा मुदत संपली होती. त्याने मला एक शब्द सुनावला नाही. दिवाळीनंतर आईबापांसोबत ऊसतोडीला गेला तो परत वर्गात आला नाही. मी त्या वर्षी अनेक सभांमध्ये "शिक्षण हे शस्त्र आहे" असं बोललो. एकाचं शस्त्र मात्र माझ्याच पिशवीत गंजलं.

म्हणून आज मुलांना सांगतो, जबाबदारी कॉलेजच्या आत सुरू होते. वर्गात हजर राहा. शिष्यवृत्तीची मुदत, अडीच लाखांची उत्पन्न मर्यादा, जात पडताळणी, वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना, हे स्वतः समजून घ्या आणि मागच्या बाकावरच्या मुलीलाही सांगा. भेदभाव झाला तर तोंडी कुरकुर करू नका, लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. यूजीसीचे समतेचे नियम 2012 पासून आहेत, कॉलेजात ते कोण बघतं हे विचारा.

कॉलेजच्या बाहेरही जबाबदारी आहे. सुट्टीत गावी गेल्यावर दहावी-बारावीच्या दोन पोरांसोबत बसा. एवढ्या मोठ्या येलदरी धरणाचं पाणी पार नांदेडच्या शिवारापर्यंत जातं, मग शहरात मिळालेली माहिती आपल्या वस्तीपर्यंत का येऊ नये? मोर्चात जायचं तर जरूर जा, तो संविधानाने दिलेला हक्क आहे. पण दगड उचलू नका, उचलणाऱ्यालाही थांबवा. अटक झाली तर कारण विचारण्याचा, वकील मागण्याचा आणि चोवीस तासांत न्यायाधीशांपुढे उभं राहण्याचा हक्क कलम 22 देतं. ते पाठ असू द्या.

आणि आता आपण मोठ्यांनी आरशात बघायला हवं. गर्दी हवी म्हणून वसतिगृहं रिकामी करायची, स्टेजवर आपण बसायचं आणि गुन्हे पोरांवर पडले की फोन बंद ठेवायचा, ही चळवळ नव्हे. ज्या मोर्चाच्या मागे वकील, जामीनदार आणि परीक्षेचं वेळापत्रक पाहणारा माणूस उभा नाही, त्या मोर्चाला मुलांना बोलावण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा येलदरीला गेलो. त्या वडिलांना म्हणालो, "मामा, बाकीचे दोन आम्ही करतो. पण शिकलेलं पोरगं ते फार दिवस आम्हाला एकट्याला करू देणार नाही. तेव्हा त्याला अडवू नका, त्याच्या पाठीशी आम्ही असू." ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुमचा नंबर कागदावर लिहून द्या. आणि रात्री फोन लागला पाहिजे."

मुलगा परभणीला परत गेला. तो कागद त्यांच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोच्या चौकटीत खोचलेला आहे. मी रात्री फोन बंद ठेवत नाही.

तुमचा नंबर कुणाच्या घरात आहे?

जय भीम! जय संविधान!