साच्यातली मूर्ती, जेलवरचा ठिपका

पेणच्या गणेशमूर्ती एकाच साच्यातून निघाल्या, तरी डोळ्यांची आखणी हाताची. म्हणून प्रत्येकीची नजर निराळी. प्रथिनांच्या अभ्यासापुढेही हाच पेच होता.

१९७५ मध्ये पॅट्रिक ओफॅरेल यांनी ई. कोलाय जिवाणूची सुमारे ११०० प्रथिने एका जेलवर ठिपक्यांच्या रूपात वेगळी केली. परंतु जेलमधला सामूचा उतार प्रयोग चालू असतानाच सरकत असे. ठिपका हलला, तो आजारामुळे की जेलमुळे, हे कळेना.

१९८२ मध्ये हा उतार रासायनिक बंधांनी जेलमध्येच पक्का बसवला गेला. १९९७ मध्ये दोन नमुने निरनिराळ्या रंगांनी रंगवून एकाच जेलवर तपासण्याची रीत आली.

पेणला दिसलेला ठिपका रोह्यातही त्याच जागी दिसला, तरच तो पुरावा. एकट्या बखरीवर इतिहासही निकाल देत नाही.